पेटीत कावळा नव्हता

मला गप्प बसता येत नाही, हे आमच्या शाळेपासून शहापूरच्या एसटी स्टँडपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बारशाला बोलतो, साखरपुड्याला बोलतो, मयताच्या घरी ओट्यावर बसूनही बोलतो. उत्सवातल्या नाटकात गेली वीसेक वर्षं मला खलनायकाचं काम मिळतं, ते अभिनय चांगला म्हणून नव्हे. लिहिलेल्या संवादांच्या मध्ये मी स्वतःचे चार घुसडतो आणि लोक हसतात म्हणून. एका वर्षी तर मी मेल्यावरही बोललो. नायकाने मला मारलं, मी रीतसर पडलो, आणि पडल्यापडल्या म्हणालो, "अरे, पाय काढ माझ्या हातावरचा." त्या वर्षी नाटक त्या एका वाक्यावर गाजलं.

असा माणूस खेळातून मुलांच्या मनावर उपचार करायचं शिक्षण घ्यायला गेला, तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे आता पोरांना गप्प बसून ऐकावं लागणार, आणि त्याला उपचार म्हणायचं."

मी का गेलो ते खरं सांगतो. शाळेत पत्रक आलं होतं, त्यात मला 'खेळ' एवढा एकच शब्द दिसला. वाटलं, हे तर आपण जन्मभर करत आलोय, आता फक्त कागद मिळवायचा. भिंतीवर प्रमाणपत्र, खाली आपण खुर्चीत, आणि समोर मुरबाड-शहापूरचे पालक रांगेत, असं चित्र डोळ्यांपुढे होतं. त्या चित्रात मूल कुठंच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

वर्ग शहापुरात, दर शनिवारी दुपारी दोनला. शिकवायला येणाऱ्या मॅडम बारीक आवाजाच्या आणि वेळेच्या कडक. दोन वाजले की दाराला कडी. मागून आलेला माणूस चहापर्यंत पायऱ्यांवर. माझी शाळा मुरबाडच्या बाजूला आत, मोटरसायकलने तासाभराचा रस्ता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी असा सुटायचो, की वाटेतल्या कोंबड्या मला ओळखायला लागल्या होत्या.

आम्ही अकराजण होतो. शिक्षक, एक नर्सबाई, आणि धसईच्या अंगणवाडीताई. या ताई माझ्यापेक्षा वयाने थोड्या मोठ्या आणि तोंडाने बऱ्याच.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "खेळ मुलाचा असतो. तुम्ही त्यात पाहुणे. पाहुण्याने घरातल्या भांड्याला हात लावण्याआधी विचारायचं."

पुढे त्यांनी शिकवलं ते असं. मूल खेळत असताना शिकवायचं नाही, सुचवायचं नाही, शाबासकीसुद्धा द्यायची नाही. जे दिसतं तेवढं म्हणायचं. मुलाने खेळात आपल्याला काही व्हायला सांगितलं, तर हळूच, खेळाबाहेरच्या आवाजात विचारायचं, 'आता मी काय करू?' मूल सांगेल तेवढं करायचं. तेवढंच.

मग सराव. अंगणवाडीताई मूल झाल्या आणि मी उपचार करणारा. त्यांनी मला आजारी माणूस केलं. मी खोकलो, कण्हलो, पाणी मागितलं, डॉक्टरला शिव्या दिल्या, आणि कुणी न सांगता मरायला टेकून मुलांमध्ये शेताच्या वाटण्याही करून टाकल्या. वर्ग हसून लोटपोट. ताई मात्र इंजेक्शन हातात धरून बाजूला उभ्या.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "माझ्या खेळात मलाच जागा राहिली नाय."

चहाच्या वेळी त्यांनी कनवटीची पुडी सोडून माझ्या हातावर एक लवंग ठेवली. "घ्या सर. तोंडात धरा, चावू नका. जीभ आपली जागेवर राहाते."

मला वाटलं मॅडम हसतील. त्या म्हणाल्या, "करून बघा."

तेव्हापासून माझ्या खिशात लवंगांची डबी असते.

त्याच सुमारास आमच्या चौथीतल्या एका मुलीची आई कावीळ होऊन गेली. दहाव्याला नदीवर मी गेलो होतो. शाळेतला गुरुजी म्हणून जावं लागतं, आणि तिची आई माझ्या ओळखीची होती; पालकसभेला न चुकता येणाऱ्या तिघींपैकी एक. तो दहावा लांबला. पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. समोरच्या उंबरावर दोन बसलेले, पण खाली उतरेनात. बाईच्या नवऱ्याने हात जोडून सांगितलं, पोरीला शिकवीन. भावाने सांगितलं, भाचीला काही कमी पडू देणार नाय. बाईचं मन कशात अडकलं असेल त्याचा अंदाज घेत एकेकजण वचनं देत होता. कावळे मान वाकडी करून ऐकत होते. शेवटी कुणीतरी म्हणालं, दर्भाचा करा. भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि मंडळी आंघोळीला उतरली.

आमच्याकडे दहाव्याला पोरींना नेत नाहीत. पण ही मागून चालत आली होती आणि लांब चिंचेखाली बसली होती, हे मी परत फिरताना पाहिलं.

त्यानंतर ती वर्गात खिडकीपाशी बसायला लागली. दुपारी खिचडीची ताटली घ्यायची, पहिला घास काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची, आणि मग तो घास कुणी खाऊ नये म्हणून राखत बसायची. कावळा आला की हाड, चिमणी आली की हाड. तेवढ्यात ताटातली खिचडी गार. चार घास खाऊन उठायची. महिन्याभरात तिचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला.

मी हे सगळं पाहत होतो. आईसाठी घास ठेवते, एवढं समजलो. राखते का, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. इथलाच जन्म, इथेच केस पिकले, आणि मी पिंड बघितला, राखण बघितली नाही.

तिचे वडील मुरबाडच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घ्या सर. तुमी काय ते खेळ शिकताव ना. घरात बोलत नाय ती. माझ्याशी तर नायच." खेळाचं रेकॉर्डिंग शहापूरच्या वर्गात दाखवायचं असतं, त्याच्या परवानगीवर त्यांनी सही केली. काय लिहिलंय हे त्यांनी वाचलं नाही. गुरुजींनी पुढे केलेला कागद म्हणून सही केली. ही गोष्ट पुढे मला टोचणार आहे.

जागा म्हणजे शाळेच्या मागची खोली, पोषण आहाराच्या तांदळाची पोती असतात ती. एका बाजूला पोती रचली, मधे सतरंजी टाकली, वाळूचा लाकडी ट्रे ठेवला आणि खेळांची पेटी उघडली. पेटी मी मॅडमच्या यादीबरहुकूम भरली होती. बाहुल्यांचं कुटुंब, भातुकली, डॉक्टरचं सामान, रंगीत माती, खेळातला फोन. प्राण्यांचं पाकीट शहापूरच्या दुकानातून आणलेलं. त्यात सिंह, जिराफ, झेब्रा, दोन डायनासोर, एक कांगारू आणि एक पेंग्विन. बैलजोडी आणि कोंबडी मी धसईच्या बाजारातून आणून त्यात घातली, आणि स्वतःवर खूश झालो. म्हटलं, बघा, मातीतला माणूस.

पहिले चार शनिवार ठीक गेले. ती यायची, सगळं काढायची, रांधायची, झाकून ठेवायची. मी लवंग तोंडात धरून, "तू भात झाकून ठेवलास," एवढं म्हणायचो. मोबाइल कपाटावर टेकवलेला असायचा. बाहेर पडताना ती "जाते सर" म्हणायची. मॅडम म्हणत होत्या, चांगलं चाललंय, घाई नको.

पाचव्या शनिवारी तिने वाळूत बोटाने नदी काढली. गुलाबी मातीचा गोळा वळला, भातुकलीतल्या ताटलीत ठेवला आणि ताटली नदीच्या काठाला लावली. मला कळलं. अंगावर काटा आला, आणि, लाज वाटते सांगायला, त्या काट्याबरोबर आनंदही झाला. म्हटलं, आलं! हेच ते! आज वर्गात सांगण्यासारखं काहीतरी हाती लागलं.

तिने प्राण्यांचं पाकीट ओतलं. एकेक बघून बाजूला ठेवला. पेंग्विनवर थोडा वेळ थांबली. त्याला उलटा केला, पाठ काळी बघितली, पोट पांढरं बघितलं, आणि ठेवून दिला.

"कावळा नाय?"

"पेटीत कावळा नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, जिराफाकडे बघितलं तसंच.

"मंग तुमी व्हा."

मी शिकल्याप्रमाणे हळूच विचारलं, "कावळ्याने काय करायचं?"

"यायचं," ती म्हणाली.

बस. यायचं. मला दिलेला संवाद एवढाच होता.

पण वीस वर्षं मुरलेला नट तेवढ्यावर राहतो थोडाच? मी हात काखेत घेतले, मान वाकडी केली, पोत्यामागून दोन उड्या मारत आलो आणि काव केलं. असं काव केलं, की तोंडातली लवंग उडून नदीपलीकडे वाळूत पडली. ती म्हणाली, "हाड!" मी मागे सरलो. पुन्हा आलो, पंख झाडत. "हाड, हाड!" पुन्हा मागे. तिसऱ्यांदा आलो तेव्हा तिचा आवाज चढला होता, आणि मला वाटलं, रंगतोय प्रवेश.

कपाटावरच्या मोबाइलमध्ये वेळ दिसत होती. आटपायला पाच मिनिटं. पाच मिनिटं आधी मुलाला तसं सांगायचं असतं. मी सांगितलं नाही. माझ्या डोक्यात दुपारी दोनची कडी होती, आणि एक सुंदर शेवट होता. नदीवर जे झालं नाही ते आज इथे होणार. कावळा शिवणार, पोर रडणार, गाठ सुटणार, आणि मी ते शहापुरात सांगणार. मी पंख पसरले, झेप घेतली, आणि नाकाने त्या गुलाबी गोळ्याला शिवलो.

ती रडली नाही. हसलीही नाही.

"मी कुठं सांगतलं शिव म्हणून?"

मी तसाच, ढोपरांवर, नाकाला माती. तिने गोळा उचलला, चपटा केला, डबीत भरला, झाकण लावलं. वाळूतली नदी तळहाताने पुसली. प्राणी पाकिटात घातले, पेंग्विनसकट. चप्पल घातली आणि गेली. त्या दिवशी "जाते सर" नाही.

मी बाहेर आलो तेव्हा खिचडी करणाऱ्या बाई पातेली घासत होत्या. "सर, नाकाला काय लागलंय?" म्हणाल्या. मी रुमालाने पुसलं आणि मोटरसायकलला किक मारली.

एक तासाच्या रस्त्यात माणूस स्वतःला बरंच काही पटवू शकतो. किन्हवलीपर्यंत पटलं होतं, की ती गोंधळली असेल. शहापूर दिसायला लागलं तेव्हा, ती हलकी झाली असेल. वर्गात शिरलो तेव्हा ती रडली होती.

मॅडम म्हणाल्या, "रेकॉर्डिंग लावू या."

"मोबाइलमधली जागा संपली होती," मी म्हणालो. विचार न करता, सहज, जसं नाटकात सुचतं तसं.

"मग सांगा."

सांगितलं. काय सांगितलं म्हणून विचारता! उभा राहून सांगितलं. नदी सांगितली, उंबर सांगितला, दर्भ सांगितला. कावळा करून दाखवला. आणि शेवटी तिच्या गालावरून एक थेंब ओघळवला, जो कधी आलाच नव्हता. नर्सबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग बाकीच्यांनीही. एका आई गेलेल्या पोरीच्या पिंडावर मी टाळ्या घेतल्या. हे वाक्य मला पुष्कळ उशिरा लिहिता आलं.

फक्त अंगणवाडीताई टाळ्या वाजवत नव्हत्या. "लवंग होती का तोंडात?" त्यांनी विचारलं.

"होती की," मी म्हणालो. लागोपाठ आणखी एक खोटं.

मॅडमनी एकच विचारलं, "आणि नंतर ती काय म्हणाली?"

"काही नाही. शांत झाली."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

सोमवारी खिडकीचा कट्टा रिकामा होता. घास नाही, राखण नाही. मला इतका आनंद झाला, की मी फळ्यावर बेरीज चुकलो. म्हटलं, बघा, झाला गुण! मधल्या सुट्टीत कॉलर ताठ करून व्हरांड्यात फिरत होतो, तेव्हा खिचडीवाल्या बाई म्हणाल्या, "सर, ती तुमची पोर आज ताटलीच घ्यायला आली नाय. बोलावली तर नको बोलली."

घास ठेवायचा नव्हता, कारण जेवायचंच नव्हतं.

सगळी मुलं गेल्यावर मी तांदळाच्या खोलीत बसून मोबाइल लावला. त्यात मी दिसत होतो. म्हणजे जिकडेतिकडे मीच. पांढऱ्या सदऱ्यातला, टक्कल चमकणारा, थुईथुई नाचणारा मोठा माणूस. ती कोपऱ्यात होती. पहिल्यांदा बघताना माझं लक्ष माझ्याकडेच गेलं, हेही सांगून टाकतो. दुसऱ्यांदा मी माझ्यावर तळहात धरला आणि तिला बघितलं.

तिचा डावा हात ताटलीच्या काठावर होता. मी एक उडी पुढे आलो, की ती ताटली बोटभर आपल्याकडे ओढत होती. पहिल्या 'हाड'ला एक बोट. दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला ताटली तिच्या मांडीला टेकली होती आणि दुसरा हात गोळ्यावर आडवा धरलेला होता. मी त्या हाताखालून नाक घातलं होतं.

कावळा शिवला की माणूस जातो. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. ती कावळा यावा म्हणून थांबली नव्हती. कावळ्याला परतवत होती. जोवर तो शिवत नाही तोवर आई उंबराच्या आसपास आहे, खिडकीच्या आसपास आहे. आणि तिला आणखी थोडे दिवस ती हवी होती. किती, ते ठरवणार होती ती. म्हणून तर कावळ्याला नुसतं 'यायचं' सांगितलं होतं. येईल आणि आपण हाकलू. आला की हाकलू. तेवढी सत्ता तिला त्या खोलीत मिळाली होती, आणि ती मी नाकाने घालवली.

पुढच्या शनिवारी ती खोलीत आली नाही. मी मात्र दोनच्या आत शहापुरात होतो. मॅडमना दारातच सांगितलं, की रेकॉर्डिंग होतं, मी खोटं बोललो. त्या म्हणाल्या, "वर्ग सुटल्यावर आपण दोघं बघू."

मी म्हणालो, "नको. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या होत्या."

पडद्यावर लागलं. मोठ्या पडद्यावर टक्कल आणखी मोठं. काव झालं, आणि लवंग उन्हात चमकत गेली.

"ती बघा, लवंग उडाली!" अंगणवाडीताई म्हणाल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "हसायचं नव्हतं, सर." कुणीच हसलं नव्हतं. मुलगी ताटली ओढत होती, आणि नर्सबाई मान खाली घालून बसल्या होत्या. आपला पदर फुकट ओला केला याचा राग त्यांच्या मानेवर दिसत होता.

"मी कुठं सांगतलं शिव म्हणून?" पडद्यावरून आवाज आला.

मॅडमनी बंद केलं. मला वाटलं आता बोलतील, कोर्समधून काढतील. मी मनातल्या मनात त्यांना उत्तरंही देऊन ठेवली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "तिची माफी मागा. दोन वाक्यांत. माफी मागताना गोष्ट सांगू नका. तुम्हाला ते जड जाईल."

सोमवारी मधल्या सुट्टीत मुलं ताटल्या घेऊन रांगेत होती आणि ती नळापाशी उगीच हात धूत होती. मी लवंग धरली आणि पायरीवर बसलो.

"मी तुला न विचारता शिवलो," मी म्हणालो. "चुकलं माझं."

तिसरं वाक्य जिभेवर होतं. चांगलं होतं. मी ते लवंगेखाली दाबून धरलं.

तिने नळ बंद केला. हात फ्रॉकला पुसले.

"दोनदा," ती म्हणाली.

इथे मला थांबून एक सांगायला हवं. वर मी लिहिलंय, की नदीवर शेवटी कुणीतरी म्हणालं, दर्भाचा करा. तो कुणीतरी मी. मॅडमपासून लपवलं होतं, आणि इथेही लपवायचा बेत होता, पण त्या एका शब्दापुढे जमेना. दहावा शनिवारी आला होता. साडेबारा वाजत आले होते, मी घड्याळ बघत होतो. भटजींना म्हणालो, "दर्भाचा करा ना, किती वेळ थांबायचं? लोकांना कामं असतात." लोकांना म्हणजे मला. तिचे वडील आणखी काहीतरी वचन द्यायला तोंड उघडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं आणि मान हलवली. गुरुजी म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. जशी कागदावर सही केली, तशीच मान हलवली. माझ्या शब्दाखातर त्या माणसाचं शेवटचं वचन पोटात राहिलं.

मी दोनला दोन कमी असताना वर्गात पोचलो होतो. त्या दिवशी काय शिकवलं ते आठवत नाही. कडी लागायच्या आत पोचलो, एवढं आठवतं.

आणि चिंचेखाली बसलेली ती ऐकत होती. माझा आवाज लांबवर जातो. नाटकात त्याचं कौतुक होतं. म्हणजे पेटीत कावळा नाही म्हटल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, ते उगीच नव्हतं. तिने मला ओळखूनच निवडलं होतं. यायचं सांगू, आणि या वेळी हाकलू.

समोरच्याचा शब्द जसाच्या तसा परत द्यायचा, असं आम्हाला शिकवलेलं. ते शिकवलं नसतं तरी माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"दोनदा," मी म्हणालो.

ती म्हणाली, "शनवारी येईन. पण मी सांगेन तवा." आणि गेली. त्या दिवशीही ताटली घेतली नाही.

शनिवारी आली. नदी काढली, गोळा वळला, ताटली ठेवली. मला पोत्यांकडे बोट दाखवलं. "तिथं बसा. कावळे बसतात तसे."

मी उकिडवा बसलो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने उकिडवं बसणं म्हणजे काय, ते त्या वयाच्या माणसालाच विचारा. हात काखेत, तोंडात लवंग. काव नाही, उडी नाही. ती रांधत होती, झाकत होती, ताटलीशी हळूहळू काहीतरी बोलत होती. काय बोलत होती, ते मी इथे लिहिणार नाही. हे सगळं लिहू का, असं अलीकडे मी तिला विचारलं. आता ती मोठ्या शाळेत जाते. ती म्हणाली, "तुमचं चुकलं तेवढं लिवा." म्हणून तेवढंच लिहिलंय. वडिलांनाही विचारलं, आणि या वेळी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

पाच मिनिटं राहिली तेव्हा मी तसं सांगितलं. तिने मान हलवली. मग ताटलीवर रुमाल घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज नाय."

पुढच्या शनिवारी, "आज नाय." त्याच्या पुढच्या शनिवारीही. मधे एका बुधवारी ती खिचडीच्या रांगेत दिसली. ताटात वाटाणे जास्त होते म्हणून असेल. मी त्याचं श्रेय घेत नाही. श्रेय घेण्याची माझी पद्धत तुम्ही बघितलीच आहे.

वर्गातल्या बाकीच्यांना प्रमाणपत्रं मिळाली. माझं राहिलं. मॅडम म्हणाल्या, "तिचं झालं की तुमचं होईल. तोवर बसा." अंगणवाडीताईंनी त्यांचं प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून मला दाखवलं आणि म्हणाल्या, "काय कावळोबा, अजून बसलाव का पोत्यावर?" आणि लवंगांची नवी पुडी दिली.

बसलो होतो. किती शनिवार, ते मोजले नाहीत. तिने पुढे कधी शिवायला सांगितलं की नाही, ते तिचं आहे. मला त्यातला एकच शनिवार माझा म्हणून सांगता येतो. त्या दिवशी ती ताटली झाकून "आज नाय" म्हणाली, आणि माझे गुडघे इतके धरले होते की उठता येईना. तिने वाट बघितली. मी हळूच, शिकल्याप्रमाणे, खेळाबाहेरच्या आवाजात विचारलं, "आता मी काय करू?"

"जावा आता."

"उडून जाऊ, का चालत?"

तिने खरंच विचार केला.

"चालतच जावा," ती म्हणाली. "तुमाला उडाया कुठं येतं?"

मी पोत्याला धरून उठलो आणि चालत बाहेर गेलो.